निजेला धोंडा



"भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा" ही म्हण आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. खरी भूक लागली की कोंडाही गोड लागतो, आणि खरी झोप आली की उशाला धोंडा असला तरी चालतो. दिवसभर ऊस तोडून पाचटावर अंग टाकणाऱ्या माणसाकडे पाहिले म्हणजे ही म्हण पटते. पण आज मला ज्या तरुण मुलामुलींविषयी बोलायचे आहे, त्यांना ती लागू पडत नाही. अंगाखाली गादी आहे, अंगात थकवा आहे, डोळे चुरचुरताहेत, आणि तरी झोप म्हणून नाही. मग म्हणीवर विश्वास असलेली आपण वडीलधारी माणसे एक निष्कर्ष काढून मोकळी होतो. पोराने दिवसा कष्टच केले नसतील, त्याला झोप कशी येणार? असला निष्कर्ष मीही एकदा काढला होता. ती हकिगत आधी सांगतो.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवतो. विषय मानसशास्त्र, हे या हकिगतीत सांगताना थोडी लाज वाटते. सात-आठ वर्षांपूर्वी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. सकाळच्या पहिल्या एस. टी.ने येई. पहिले वर्षभर दुसऱ्या बाकावर बसून प्रश्न विचारी. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तो शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागला, आणि पहिल्याच तासाला त्याच्या डुलक्या सुरू होत. एके दिवशी मी भर वर्गात म्हणालो, "काय कुंभकर्ण, रात्री कुठल्या लंकेत जागरण होतं?" वर्ग हसला. तोही हसला, निदान मला तसे वाटले. पुढच्या सोमवारपासून तो आला नाही. मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा करीत राहिलो. दुसरे काही केले नाही.

फेब्रुवारीत एस. टी. स्टँडवर त्याचे वडील भेटले. त्यांनीच मला ओळखले. म्हणाले, "सर, पोरगं रातभर जागंच असतंय बघा. आढ्याकडं बघत पडून ऱ्हातंय. इचारलं तर म्हणतंय, झोप येत न्हाई. आता झोप येत न्हाई म्हंजे काय रोग हाय का?"

मला उत्तर देता आले नाही. त्या रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. मुलगा वाळला होता. बराच वेळ तो बोलेना. मी वर्गातल्या त्या बोलण्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली तेव्हा तो म्हणाला, "सर, मी वर्गात झोपायचो, कारण तेवढी एकच जागा होती जिथं मला झोप यायची." हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकून घेतले. त्यात केवढे शास्त्र होते ते मागाहून कळले. मग हळूहळू त्याने सारे सांगितले. बहिणीच्या लग्नाचे कर्ज होते, आणि पोलीस भरतीत आपण लागलो तरच ते फिटणार असे त्याने मनाशी धरले होते. "आधी भरतीची काळजी असायची," तो म्हणाला. "मग झोपेचीच काळजी लागली. दिवस मावळला की पोटात गोळा यायचा. आणि पुढं पुढं तर काळजीसुद्धा वाटेना. काहीच वाटेना."

मंडळी, या चार वाक्यांत आजचा सारा विषय आला. काळजी, निद्रानाश आणि नैराश्य, ज्याला आता खेड्यातही डिप्रेशन म्हणतात, या तिघांचे नाते काय? आपल्याकडे समजूत अशी की झोप उडणे ही काळजीची नुसती सावली. काळजी मिटली की झोप आपोआप येईल. झोपेचे वेगळे काय करायचे? डॉक्टर मंडळीही पुष्कळ वर्षे असेच मानीत. निद्रानाश हे लक्षण, मूळ रोग निराळा. पण माणसांच्या मागे वर्षानुवर्षे राहून जेव्हा नोंदी केल्या गेल्या, तेव्हा चित्र बदलले.

त्यातली एक नोंद मला फार बोलकी वाटते. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९४८ ते १९६४ या काळात वैद्यकीची पदवी घेतलेल्या हजारावर पुरुषांना, ते विद्यार्थी असतानाच, तुमची झोप कशी आहे असे विचारून ठेवले होते. पुढे तीस-चाळीस वर्षे त्यांची खबर घेतली गेली. त्याचे फलित १९९७ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थिदशेत ज्यांना निद्रानाश होता, त्यांच्या वाट्याला पुढच्या आयुष्यात नैराश्य इतरांच्या दुपटीने आले होते. विशीतली बिघडलेली झोप पन्नाशीपर्यंत आपला माग ठेवून गेली! मिशिगन राज्यात २१ ते ३० वयाच्या सुमारे हजार तरुणांची अशीच पाहणी झाली. ती १९९६ साली छापून आली. साडेतीन वर्षांच्या काळात निद्रानाश असलेल्यांना नव्याने नैराश्य येण्याचा संभव चौपट आढळला. आता यावरून निद्रानाशच नैराश्य निर्माण करतो असे ठामपणे म्हणता येत नाही. दोहोंच्या मुळाशी तिसरेच काही असू शकते. पण ज्याला आपण सावली समजत होतो ती पुष्कळदा माणसाच्या पुढे चालते, एवढे तर उघड झाले. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या वर्गीकरणात निद्रानाशाला स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. आठवड्यातून निदान तीन रात्री, तीन महिने, झोपायला पुरेशी सवड असूनही झोप येत नसेल आणि दिवसाच्या कामात त्यामुळे खोळंबा होत असेल, तर तो निद्रानाश, असा त्यांचा हिशेब आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा डोळा न लागणे यात येत नाही.

आता क्रमाचे पाहा. मिशिगनमध्येच १३ ते १६ वयाच्या मुलामुलींची आणखी एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना काळजीचा विकार आणि निद्रानाश असे दोन्ही होते, त्यांच्यापैकी दहांत सुमारे सात जणांत काळजी आधी आली होती. आणि ज्यांना निद्रानाश व नैराश्य दोन्ही होते, त्यांच्यातही दहांत सुमारे सात जणांत निद्रानाश आधी आला होता. म्हणजे आधी काळजी, मग उडालेली झोप, मग नैराश्य. आमच्या मुलाने अंगणात बसून मला सांगितलेला क्रम हाच. सर्वांच्या बाबतीत असेच घडते असे नाही. उलट दिशेनेही गाडी चालते, आणि नैराश्य आलेल्या कित्येक तरुणांना तर दिवसाचे दहा-बारा तास झोप लागते. पण झोप ही पुष्कळदा मधली कडी असते, हे ध्यानात ठेवा. साखळीत हाताला लागेल अशी कडी तीच आहे.

ही कडी गंजते कशी, हे समजण्यासाठी झोप येते कशी ते थोडे पाहिले पाहिजे. झ्यूरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ साली मांडलेली कल्पना मी वर्गात विहिरीच्या दाखल्याने सांगतो. सकाळी डोळे उघडले की झोपेची ओढ विहिरीच्या पाझरासारखी थेंबथेंब साठू लागते. दिवसभर जागे राहिलात तर रात्रीपर्यंत विहीर भरते. दुपारी दोन तास ताणून दिली, की चार मोटा उपसल्या. रात्री पाणी कुठून येणार? आणि चहा-कॉफी? मेंदूत साठणाऱ्या ज्या द्रव्यामुळे आपल्याला पेंग येते, त्याची जागा कॅफीन अडवून बसते. विहिरीत पाणी असते, पण ते दिसत नाही. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे चार-पाच तासांनंतरही अंगात असते, हे रात्री अभ्यासाला बसताना तिसरा कप ओतणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

विहिरीखेरीज मेंदूत एक घड्याळही आहे, आणि ते सकाळच्या उजेडावर लागते. वयात येताना हे घड्याळ मागे पडू लागते आणि विशीच्या आसपास सर्वांत मागे असते. नंतर पुन्हा पुढे सरकते. म्युनिकच्या संशोधकांनी २००४ साली ही गोष्ट दाखवून दिली. तेव्हा रात्री दहाला डोळे मिटत नाहीत म्हणून वीस वर्षांच्या पोराला आळशी ठरवू नका. तुमचे घड्याळ आणि त्याचे घड्याळ एक नाही. मात्र त्याला एकला झोप आणि नऊला जाग, असे मिळाले तर त्याची झोप उत्तम होते. तो निद्रानाश नव्हे. अडचण येते ती पहाटेच्या एस. टी.ने.

आपल्या खेड्यांत या घड्याळाशी आणखी एक खेळ होतो. शेतीपंपाची वीज अनेक भागांत आजही काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशा पाळीने येते. रात्रीची लाइट असली की दारे धरायला शेतात जायचे कोणी? घरातला तरुण मुलगाच जातो. अंधार, विंचूकाटा, कुठे बिबट्याचे भय. आणि पाळी पुन्हा बदलेपर्यंत शरीराला रात्र कोणती आणि दिवस कोणता हेच कळेनासे होते. दिवसा वीज देण्यासाठी सौर वाहिन्यांची योजना २०१७ पासून सुरू आहे, ती पुरी होईल तेव्हा शेताबरोबर पोरांच्या झोपेचेही भले होईल. दुसरीकडे पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांसाठी खोल्या घेऊन राहिलेली आपलीच मुले पाहा. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी, खोलीवर कॉट एकच; तिच्यावरच अभ्यास, तिच्यावरच जेवण, तिच्यावरच मोबाइल आणि तिच्यावरच निकालाची वाट पाहणे.

कॉटचा उल्लेख सहज केलेला नाही. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची गोष्ट शिक्षक मंडळींना ठाऊक आहे. घंटा झाली की खाणे मिळते, हे अंगवळणी पडल्यावर नुसत्या घंटेने त्याच्या तोंडाला पाणी सुटे. तसेच बिछान्याचे होते. जो माणूस महिनोन् महिने बिछान्यात जागा राहून चिंता करतो, त्याचे शरीर बिछाना म्हणजे जागेपण असा धडा घेते. ओसरीवर पेंगणारा मुलगा अंथरुणावर पाठ टेकताच टक्क जागा होतो, तो यामुळे. आमच्या मुलाला वर्गात झोप का येई याचा उलगडा इथे होतो. वर्गातल्या बाकाला तो धडा माहीत नव्हता.

त्यात भर पडते प्रयत्नाची. इतर गोष्टी प्रयत्नाने साधतात, झोप मात्र प्रयत्नाने पळते. घड्याळात दोन वाजलेले पाहिले की मन हिशेब करते: आता झोप लागली तर चार तास, आता तीन. तो हिशेब हीच नवी काळजी. रात्री तीन वाजता जी गोष्ट डोंगराएवढी दिसते ती सकाळी दातवण करताना ढेकळाएवढी होते, हा अनुभव कोणाला नाही? पण ज्याने झोपच घेतली नाही त्याची सकाळही रात्रीसारखीच असते. २००७ साली अमेरिकन संशोधकांनी काही तरुणांना सुमारे ३५ तास जागे ठेवून अप्रिय चित्रे दाखविली. मेंदूत भीतीशी निगडित असलेला बदामाच्या आकाराचा एक भाग आहे. तो या जागलेल्या तरुणांत, झोप झालेल्यांच्या मानाने, सुमारे ६० टक्के अधिक उसळला. आणि त्याचा लगाम धरणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा संबंध सैल पडला. काळजीने झोप नेली आणि झोप गेल्याने काळजीचा लगाम सुटला. मग मुलगा सकाळचे धावणे सोडतो. मित्र आले तर आईकडून 'घरी नाही' म्हणून सांगवतो. ज्या गोष्टींनी मन उभारी धरते त्या एकेक गळून पडतात, आणि जी पोकळी उरते तिला आपण नैराश्य म्हणतो.

यावर उपाय आहे का? आहे, आणि तो गोळीच्या आधीचा आहे. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली आणि आर्थर स्पिलमन यांनी १९८७ साली दाखविलेल्या दोन युक्त्या त्याच्या मुळाशी आहेत. त्या ऐकायला उफराट्या वाटतात. झोप येत नसेल तर आपण लवकर अंथरुणावर पडतो, उशिरापर्यंत लोळतो. म्हणतो, तेवढाच डोळा लागला तर लागला. स्पिलमन म्हणतात, नेमके हेच करू नका. प्रत्यक्ष सहा तास झोप लागत असेल तर अंथरुणावर सहाच तास राहा. विहीर भरू द्या. झोप एकसंध लागू लागली की मग वेळ थोडा थोडा वाढवा. आणि बूटझिन म्हणतात, झोप आल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नका. गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठा, दुसरीकडे मंद उजेडात बसा, पेंग आली की परत जा. अंथरुणावर अभ्यास नको, मोबाइल नको. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच. उठल्यावर अर्धा तास उघड्यावर, उजेडात. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. पहिला आठवडा जड जातो. दिवसा डोळे मिटतात, चिडचिड होते, आणि पुष्कळ जण इथेच सोडून देतात. अंथरुणावरची वेळ साडेपाच तासांच्या खाली मात्र आणू नये. ज्याला फिट येतात, किंवा ज्याला अधूनमधून झोप न घेताही अंगात उत्साह उतू जातो असे दिवस येतात, त्याने ही युक्ती डॉक्टरला विचारल्याशिवाय मुळीच करू नये. जड वाहन चालविणाऱ्यानेही नाही.

या युक्त्या आणि काळजीच्या विचारांशी वागण्याची शिकवण असे मिळून जे उपचार होतात, त्यांची मोठी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. तिथल्या २६ विद्यापीठांतले निद्रानाश असलेले ३,७५५ विद्यार्थी घेतले. निम्म्यांना संगणकावरून हे धडे दिले, निम्म्यांना दिले नाहीत. २०१७ साली निष्कर्ष आला. धडे घेतलेल्यांची झोप सुधारली, हे अपेक्षितच होते. पण उपचार झोपेवर केला आणि काळजी व नैराश्यही कमी झाले. मधली कडी हलविली की साखळी हलते, याचा हा पुरावा. अमेरिकन वैद्यांच्या संस्थेने २०१६ सालीच असा सल्ला दिला होता की निद्रानाशावर पहिला उपचार हाच करावा, गोळी नंतर. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानातून ओळखीने गोळी आणण्याची जी चाल आहे ती धोक्याची आहे; त्यांतल्या कित्येक गोळ्यांची सवय लागते. आणि दारूचा घोट झोप लवकर आणतो, पण उत्तररात्री तीच झोप मोडतो.

झोप सुधारली म्हणजे नैराश्य हटलेच, असे मात्र मी म्हणत नाही. दोन आठवडे सतत मन उदास असेल, आवडीच्या कशातच रस नसेल, भूक गेली असेल, तर वैद्याकडे गेलेच पाहिजे. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची तपासणी होते. आणि मुलाच्या तोंडी मरणाची भाषा आली, तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही; उलट ओझे हलके होते. त्या रात्री त्याला एकटे सोडू नका, आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवा. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य, आणि मराठीत बोलता येते. रात्री तीन वाजता जाग्या असलेल्या माणसाला हा क्रमांक माहीत असलेला बरा. आमच्या मुलाच्या वेळी तो नव्हता.

शिक्षक बंधुभगिनींना एक गोष्ट अनुभवावरून सांगतो. "तुला डिप्रेशन आहे का?" असे विचारले तर विशीतला मुलगा मान हलवून निघून जातो. "काय काळजी आहे?" म्हटले तर "काही नाही सर." पण "झोप लागते का रे?" या प्रश्नाला तो खरे उत्तर देतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. मुली तर या प्रश्नावर एकदम बोलू लागतात, असे मी पाहिले आहे. घरात पहाटे सर्वांच्या आधी उठून रात्री सर्वांच्या नंतर निजणाऱ्या त्याच असतात. कोणी वर्गात डुलकी घेत असेल तर तास संपल्यावर त्याला बाजूला घेऊन एवढे विचारा. मी विचारले असते तर चार महिने आधी विचारले गेले असते.

त्या मुलाचे वर्ष वाया गेले. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी वर्षभर औषध दिले आणि झोपेचे हे नियमही लावून दिले. वडिलांनी पहिल्या महिन्यात त्याच्या उठण्याची वेळ सांभाळली. पहाटे साडेपाचला ते स्वतः त्याला हाक मारीत आणि गोठ्यात घेऊन जात. पोलीस भरतीत तो लागला नाही. पदवी मात्र त्याने घेतली आणि आता दूध संकलन केंद्रात काम करतो. कर्जाचे थोडे अजून बाकी आहे. गेल्या दिवाळीत भेटला तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला. म्हणाला, "लागते सर. महिन्यातून एखादी रात्र जाते तशीच. मग मी उठतो, म्हशीला वैरण टाकतो, ओट्यावर बसतो. पेंग आली की आत जातो."